काय म्हणतोय गं तो?

१६ ऑगस्ट १९९८, रविवार. विराजपेट

आज बायको नदीत पडली. माझी चूक नव्हती, हे आधी लिहून ठेवतो, कारण उद्यापासून जो तो आपापल्या परीनं सांगायला लागेल.

दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून लिहितोय. प्रतिमा आत झोपली आहे. उजव्या खांद्याला जबर मार, बरगड्यांना मुका मार, कपाळावर टाके. हाड मोडलेलं नाही. डॉक्टर नर्सशी कन्नडमध्ये भरपूर बोलला आणि मग माझ्याकडे वळून इंग्रजीत एकच वाक्य म्हणाला, "नो फ्रॅक्चर." एवढ्या बोलण्याचं एकच वाक्य कसं होतं, हे विचारायला प्रतिमा जागी नव्हती.

ही सहल माझी कल्पना नव्हे. जूनमध्ये लेक सुखदा पुण्याला कॉलेजच्या हॉस्टेलवर गेली, घरात आम्ही दोघंच उरलो. प्रतिमा म्हणाली, लग्नाला एकोणीस वर्षं झाली, एकदा दोघंच कुठेतरी जाऊ. मला वाटलं, म्हैसूर. फार तर उटी. तिनं पेपरात कोडगूतल्या, म्हणजे कूर्गमधल्या, राफ्टिंगबद्दल वाचून ठेवलं होतं, पावसाळ्यातच नदीला तेवढं पाणी असतं म्हणे. पंचेचाळिसाव्या वर्षी रबरी होडीत बसून खडकांवर आपटून घ्यायला जाणं मला या जन्मी सुचलं नसतं. पण तिचा चेहरा बघून हो म्हटलं. चांगुलपणाची ही फळं.

होडी हाकणारा कल्लाप्पा नावाचा तिशीतला माणूस. आमच्याखेरीज होडीत आमच्यासारखीच बंगळूरहून आलेली चार सॉफ्टवेअरवाली पोरं. काठावर कल्लाप्पानं इंग्रजीत सगळं समजावलं: फॉरवर्ड, बॅक, स्टॉप, होल्ड. मला लगेच पाठ झालं. सरकारी कारखान्यात इन्स्पेक्शनमध्ये जन्म गेला माझा, सूचना कशा ऐकायच्या हे मला कोणी शिकवू नये. मग त्यानं प्रतिमाला सगळ्यात पुढे बसवलं आणि मला तिच्या मागे. का, तर अक्कांचं वल्हं लयीत पडतं.

पहिले टप्पे बरे गेले. प्रतिमा हसत होती. म्हणजे तोंड उघडून, मोठ्यानं. सुखदा लहान असताना ती असं हसायची. मग एक वळण आलं, पाण्याचा आवाज एवढा वाढला की स्वतःचा आवाज ऐकू येईना, आणि नेमका तेव्हा हा गृहस्थ इंग्रजी सोडून कन्नडमध्ये ओरडला. पोरांनी वल्ही आत ओढली आणि होडीच्या कडेची दोरी धरली. मला काय कळणार? मी पुढे वाकून विचारलं, "काय म्हणतोय गं तो?"

ती मागे वळली. म्हणाली, "अहो, दोरी धरा."

मी ताबडतोब दोरी धरली. त्यात माझ्याकडून काही कसूर झाली नाही. होडी खडकावर चढली, कलली, सरळ झाली, आणि पुढची जागा रिकामी होती.

ती होडीखाली गेली होती. बरीच पुढे तिचं नारिंगी हेल्मेट वर आलं. मधे किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही, कारण घड्याळ कल्लाप्पानंच काढून ठेवायला लावलं होतं.

त्या माणसाची तक्रार करणार आहे. शिकवायचं इंग्रजीत आणि वेळ आली की ओरडायचं कन्नडमध्ये, ही कुठली पद्धत? आमच्या कारखान्यात असं केलं असतं तर घरी बसवला असता. काठावर तो रडत होता आणि माझे हात धरून काहीतरी सांगत होता. मी हात सोडवून घेतले. काय सांगत होता देव जाणे.

१८ ऑगस्ट, मंगळवार. मल्लेश्वरम

घरी आलो. प्रतिमाचा हात गळ्यात, तीन आठवडे. मी रजा वाढवली. बसमध्ये सबंध वाटेत ती खिडकीबाहेर बघत होती. दुखतंय का विचारलं तर म्हणाली, स्वल्प. हिचं माहेर इथलंच, दोन पिढ्या बंगळूरच्या, त्यामुळे हिच्या मराठीत असे खडे लागतातच. मला सवय झाली आहे.

मी तिला म्हटलं, तक्रारीचं पत्र तू कन्नडमध्ये लिही, म्हणजे तिथल्या मालकाला नीट कळेल. ती म्हणाली, नाही लिहिणार. हात दुखतो म्हणून नाही. नाहीच लिहिणार.

२० ऑगस्ट, गुरुवार

आठव्या क्रॉसच्या गल्लीत भाजीला गेलो. आजवर प्रतिमा बोलायची आणि मी पिशवी धरायचो. आज एकटा. कोथिंबीर हवी होती, भाजीवालीनं शेपू दिला. मी नको म्हणून मान हलवली, तर तिनं आणखी एक जुडी टाकली. मागे चार बायका हसत होत्या. घरी येऊन प्रतिमाला म्हटलं, उद्या माझ्याबरोबर चल, हात गळ्यात असला तरी तोंड चालतं ना. त्यावर ती शांतपणे म्हणाली, येईन चालायला. बोलणार नाही.

म्हणजे काय? तर यापुढे ती माझ्यासाठी कन्नड बोलणार नाही. भाजीवाला, रिक्षावाला, लाइनमन, कोणाशीच नाही आणि कोणाचं मला सांगणारही नाही. हे वेड कुठून शिरलं, तर म्हणे नदीतून.

शेपू मला लहानपणापासून आवडत नाही. आज दोन्ही वेळा शेपूच केला आणि खाल्ला. तिनंही सगळा खाल्ला.

२६ ऑगस्ट, बुधवार

गणपती दीड दिवसाचा, आज पोचवला. काल पूजेला नेहमीचे गुरुजी. मंत्र संस्कृत, पण मधल्या सूचना कन्नडमध्ये. दरवर्षी प्रतिमा शेजारी बसून हळूच सांगते, आता पाणी, आता अक्षता. काल ती शेजारी बसली होती, नऊवारी कोणाकडून तरी नेसवून घेतली होती, हात गळ्यात, नजर मूर्तीवर. गुरुजी म्हणाले नीरु, मी फुलं वाहिली. म्हणाले हूवु, मी पळी उचलली. तिसऱ्यांदा चुकलो तेव्हा गुरुजींनी माझा हात धरून पळीवर नेला. देवासमोर! पाहुणे बसलेत, सोवळं नेसलेला मी, आणि ही बाई गप्प.

आरती झाल्यावर स्वयंपाकघरात तिला म्हटलं, माझा अपमान झाला याचा आनंद झाला असेल तुला. ती म्हणाली नाही, आणि मोदकाचं ताट डाव्या हातानं उचलायला लागली. मी ते हिसकावून घेतलं. डाव्या हातानं ताट उचलतात का? पडलं असतं.

नीरु म्हणजे पाणी, हूवु म्हणजे फूल. झाली एवढी शोभा पुरे.

३१ ऑगस्ट, सोमवार

आज जे कळलं त्यानं डोकं फिरलंय.

आमचे घरमालक नरसिंहराव खालच्या मजल्यावर राहतात. तुपाचे जुने व्यापारी, वय सत्तरच्या पुढे, कन्नडशिवाय दुसरी भाषा बोलत नाहीत. रोज सकाळी मी स्कूटर काढताना फाटकाशी उभे राहून मला काहीतरी सांगतात. प्रतिमा गॅलरीतून सांगायची, तब्येत कशी आहे विचारतात. मी म्हणायचो, यांना सांग, सकाळी सकाळी माझा वेळ खाऊ नका. ती त्यांना काहीतरी म्हणायची, ते हात जोडायचे, मी जायचो. वर्षानुवर्षं हे असंच.

आज प्रतिमा गॅलरीत होती, पण बोलली नाही. नरसिंहरावांनी थोडा वेळ वर बघितलं, मग माझा दंड धरला आणि फाटकाच्या आत नेलं. जमिनीवर तेलाचा काळा डाग. माझ्या स्कूटरचा. त्यांनी डागाकडे बोट दाखवलं, मग बोटांच्या चिमटीनं हवेत रांगोळी काढून दाखवली, मग दोन्ही हात पसरले. ही त्यांच्या रांगोळीची जागा. तब्येतीचा काही संबंध नाही!

वर येऊन मी प्रतिमाला फैलावर घेतलं. म्हटलं, इतकी वर्षं तू मला खोटं सांगत होतीस? ती म्हणाली, "खरं सांगितलं असतं तर तुम्ही भांडला असता आणि आपण घर सोडत बसलो असतो. तुम्ही संध्याकाळी स्कूटर लावून वर आलात की मी खाली जाऊन ती जरा बाजूला सरकवत होते. डाग घासत होते. आता हात नाही."

मी विचारलं, आणि माझं बोलणं त्यांना काय सांगायचीस? ती म्हणाली, "सांगायचे, आमचे हे म्हणतात, तुमचा आशीर्वाद आहे."

म्हणून ते हात जोडायचे. मला इतका संताप आला की कपाटाचं दार आपटलं. माझ्या तोंडी नाही ते शब्द घातले हिनं! उद्या आणखी कुठे काय सांगून ठेवलंय ते बाहेर येईल. या सबंध शहरात माझ्या नावानं कोण भला माणूस वावरतोय कोण जाणे, मी तर त्याला ओळखत नाही.

संध्याकाळी रॉकेलनं डाग घासला. निघत नाही. नरसिंहराव खुर्ची टाकून बघत बसले होते. स्कूटर कुठे लावायची ते हातानं दाखवत होते, हिंदे, हिंदे, म्हणजे मागे. मुंदे म्हणजे पुढे. हे लोक साधं सांगू शकतात तर.

६ सप्टेंबर, रविवार

प्रतिमाचा हात सुटला. डॉक्टरांनी सांगितलं, सावकाश कामाला लागा, पाण्यानं भरलेली बादली उजव्या हातानं उचलता आली की समजा खांदा बरा. ती आजपासून रोज बादली घेऊन बसली आहे. आज पाव बादली.

न्हाणीघराची कडी मी काढून टाकली. गंजली होती. ती आंघोळीला गेली की मी बाहेर पेपर वाचत बसतो, तिथे उजेड चांगला येतो. पाण्याचा आवाज थांबला की दार वाजवतो. ती म्हणते, अहो, मी बादलीत बुडणार आहे का? यात हसण्यासारखं काय आहे मला कळत नाही.

दुपारी शेवटी मी विषय काढलाच. म्हटलं, तुझा राग कल्लाप्पावर हवा, तो कन्नडमध्ये ओरडला. माझ्यावर कशाला? मी फक्त विचारलं. माणसानं विचारायचंसुद्धा नाही?

ती पोळ्या लाटत होती. लाटणं ठेवून माझ्यासमोर बसली. म्हणाली, "तो फक्त एवढंच ओरडला, हग्ग हिडकोळ्ळी. दोरी धरा. मला ऐकू आलं होतं. माझा हात दोरीवर होता."

मी म्हटलं, मग?

"मग तुम्ही विचारलंत. आणि मी वळले. सवयीनं. एकोणीस वर्षं मी अशी मागे वळून तुम्हाला सांगत आलेय, अहो, हे असं म्हणतात, ते तसं म्हणतात. त्या दिवशी कळलं, वळले की माझा हात सुटतो." मग उठून पुन्हा पोळ्यांकडे गेली. जाताना म्हणाली, "तुमच्यावर राग नाही. पण आता वळायची भीती वाटते मला."

राग नाही म्हणे! मग हे सगळं काय चाललंय? राग असता तर परवडलं असतं, रागाला उत्तर देता येतं. मला जेवण गेलं नाही. चार पोळ्या तशाच राहिल्या.

१० सप्टेंबर, गुरुवार

भाजीवालीला आज बेडा म्हटलं. बेडा म्हणजे नको. तिनं शेपू लगेच मागे घेतला. इतकं सोपं असेल तर ते आधी कोणी सांगायला हवं होतं. कोथिंबीर एरडु, म्हणजे दोन जुड्या. तिनं मिरच्या वर टाकल्या आणि अक्का कशा आहेत असं काहीतरी विचारलं. मी सरी म्हटलं, म्हणजे ठीक. घरी काही बोललो नाही. फुशारकी मारायला मी काही शाळेतला पोरगा नाही.

प्रतिमाची अर्धी बादली. ती मधेच थांबते आणि दात आवळते. मी बघत नाही.

१३ सप्टेंबर, रविवार

हद्द झाली. रात्रीच्या जेवणात आमटी वाढता वाढता म्हणाली, सत्तावीस तारखेला मी पुन्हा नदीवर जातेय. पाऊस ओसरला की यंदाचं राफ्टिंग बंद होईल. कल्लाप्पाला फोन केला, त्यानं जागा ठेवली आहे.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी म्हटलं, तू शुद्धीवर आहेस का? ती म्हणाली, मी पडले त्या वळणाच्या पुढची नदी बघायची राहिली आहे. मी म्हटलं, मी परवानगी देत नाही. ती म्हणाली, "विचारत नाहीये. सांगतेय. एकच सीट घेतली आहे, तुम्हाला त्रास नको."

एकच सीट. म्हणजे हिनं माझा विचार करून, मला वगळून, फोन करूनसुद्धा टाकला. मी ताट सारून उठलो. म्हटलं, पुन्हा पडलीस तर मी दवाखान्यात येणार नाही, तुझा तो कल्लाप्पाच येईल. हे बोललो आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. खाली नरसिंहराव बसले होते, त्यांनी वर बघून काहीतरी विचारलं. बहुतेक खरंच तब्येत विचारत होते.

मला ती पुढची रिकामी जागा दिसते. जेवताना, बसमध्ये, कारखान्यात. कोणी म्हणेल, एवढ्यावरून का चिडता? तिथे बसून बघा म्हणावं.

१८ सप्टेंबर, शुक्रवार

तिची बादली भरली. सबंध बादली उजव्या हातानं उचलून तिनं माझ्यासमोर, मोरीपासून तुळशीच्या कुंडीपर्यंत नेली. एक थेंब सांडला नाही. मी म्हटलं, पाणी फुकट आहे का?

उद्या एसटीडी बूथवरून कल्लाप्पाला फोन करणार आणि तिची जागा रद्द करणार. नवरा आहे मी. वाक्य कारखान्यातल्या फिटरकडून विचारून घेतलं आहे: अक्का बरल्ला, सीटु बेडा. अक्का येणार नाही, जागा नको. फिटर म्हणाला, सार, आज कन्नड? मी म्हटलं, तुझं काम बघ.

१९ सप्टेंबर, शनिवार

सकाळी बूथवर गेलो. जाताना ते वाक्य घोकत होतो. अक्का बरल्ला, सीटु बेडा. पलीकडे कोणीतरी उचललं, मग कल्लाप्पाला हाका मारल्या, मग तो आला. मी नाव सांगितलं. त्यावर तो एकदम खूप बोलला. मला सगळं कळलं असं म्हणणार नाही. अक्का हा शब्द पुन्हा पुन्हा येत होता, आणि एक गोष्ट कळली, की त्या दिवसापासून त्यानं पुढच्या जागेवर कोणाला बसवलेलं नाही. मुंदे यारू इल्ला, पुढे कोणी नाही, असं म्हणत होता. मी म्हटलं, स्वल्प निधान, जरा हळू. तो हळू बोलायला लागला.

मग त्यानं विचारलं, सत्तावीस तारखेला अक्का येणार ना? ओंदु सीटु, एक जागा?

वाक्य माझ्या जिभेवर होतं. तिथे उभा राहून ते मी बोलू शकत होतो, त्यात चुकण्यासारखं काही नव्हतं. पण मला दिसलं, की मी हे वाक्य बोललो तर ती मला काही म्हणणार नाही. भांडणार नाही. सरी म्हणेल, आणि पुन्हा बसमधल्यासारखी खिडकीबाहेर बघत बसेल, आणि घरात आम्ही दोघंच आहोत. मला तिच्यावर भयंकर राग आला. कल्लाप्पावर आला, त्या नदीवर आला.

मी म्हटलं, एरडु.

तो म्हणाला, एरडु? मी म्हटलं, एरडु, एरडु, कान फुटले का, हे मराठीत. मग म्हटलं, अवरु मुंदे, नानु हिंदे. ती पुढे, मी मागे. तो हो, हो सार म्हणाला. मग आवाज उतरला त्याचा. म्हणाला की या वेळी तो सगळं इंग्रजीतच ओरडेल, एक शब्दही कन्नडमध्ये नाही, सार काळजी करू नका.

"बेडा," मी म्हटलं. "कन्नडदल्ले हेळि."

कन्नडमध्येच सांग.

घरी आलो तेव्हा प्रतिमा मोरीत होती, बादली नळाखाली लावलेली. माझा पायरव ओळखून म्हणाली, कल्लाप्पाला फोन करून आलात ना? बूथवाल्यानं सांगितलं असणार, या गल्लीत काही लपत नाही. मी म्हटलं, हो. तिनं बादली भरू दिली. नळ बंद केला, कडी धरली, खांदा सावरला आणि उचलली.

मग माझ्याकडे मागे न वळता विचारलं, "काय म्हणाला तो?"

मी म्हटलं, "चपला नकोत म्हणाला. दोघांनीही बूट घालून या."